सातव्या थांब्यावर शून्य

विशाखा,

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी ॲरिझोनाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या एका दुपदरी रस्त्यावर तुझ्या गाडीचं मागचं टायर फुटलं. गाडी रस्ता सोडून वाळूत गेली आणि उलटली. तू गाडीत एकटी होतीस. सीटबेल्ट लावलेला होता. मागून येणाऱ्या एका ट्रकचालकानं रेडिओवरून कळवलं. मदत पोचली तेव्हा तू गेलेली होतीस. चाकांच्या खुणांवरून पोलिसांनी नोंदवलं की गाडी पश्चिमेला चालली होती. म्हणजे तू जात होतीस, परतत नव्हतीस.

एवढं पक्कं आहे. पुढचं तुझ्या भावाकडून कळलं. सिद्धार्थ, तो नोकरी करतो त्या बॉथेलहून, विमानानं फिनिक्सला गेला, ओळख पटवली, सह्या केल्या आणि मोटेलमधून मला फोन केला. एरवी तो दोन वाक्यांपुढे जात नाही. त्या दिवशी बोलत राहिला.

"ताई, त्यांनी तिचं सामान दिलं. दुर्बीण, टेपरेकॉर्डर, पाण्याचे कॅन. आणि एक कांदा. तो ऑफिसर मला विचारतो, जॅकेटच्या खिशात कांदा का? मी काय एक्स्प्लेन करणार यार? मी म्हणालो, लंच."

तो हसला. मग त्याला फोन ठेवावा लागला.

कांदा कशासाठी, ते मला माहीत होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात घराबाहेर पडताना आई खिशात कांदा टाकते, ऊन लागू नये म्हणून. त्यानं काही होत नाही, हे तू वन्यजीवशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला नीट समजावून सांगितलं होतंस. सांगताना कांदा तुझ्या खिशात होता.

आपण प्रत्यक्ष भेटलो दोनदाच. बाकी सगळं रविवार संध्याकाळच्या फोनवर. इथं क्युपर्टिनोत तुला ओळखणारं माझ्याशिवाय कोणी नाही. माझ्या नवऱ्यानं तुझा आवाज फोनवर ऐकला आहे, इतकंच. शेजारच्या काकूंनी विचारलं, "नात्यातली होती का?" मी नाही म्हणाले. "मग मैत्रीण?" वयात वीस वर्षांचं अंतर, त्यामुळे तेही त्यांना पटलं नसावं. त्यांनी डाळ आणून दिली आणि त्या गेल्या. तुझ्याबद्दल बोलायचं तर ते तुझ्याशीच बोलावं लागतं, अशी आता स्थिती आहे.

पहिली भेट गेल्या वर्षीच्या जयंतीची. फिनिक्सच्या पूर्वेला एका कुटुंबाच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर निळं कापड, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, मेणबत्त्या. वंदना झाली, मुलांनी इंग्रजीत भाषणं केली, खीर प्लास्टिकच्या वाट्यांतून फिरली. तू माझ्याशेजारी येऊन बसलीस. चेहरा रापलेला, पण कपाळाची वरची पट्टी टोपीमुळे गोरी राहिलेली.

"तू पेपरवाली ताई न? नागपूरची?"

"होते. कोर्टाच्या बातम्या करायचे. आता इथल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकात लिहिते."

"मग उद्या चाल माझ्यासोबत. बातमी देते."

"कसली?"

"एक पक्षी आहे," तू म्हणालीस. "किंवा नाही."

दुसऱ्या दिवशी मी का हवी होते, ते गाडीत बसल्यावर कळलं. विद्यापीठाचा नियम होता, वाळवंटात कोणीही एकट्यानं जायचं नाही. तुझी जोडीदार तापानं झोपली होती. "तू म्हणजे माझा नियम आहेस, ताई," तू म्हणालीस. "फक्त सावलीत बसून राहा." तिथं पोचल्यावर दिसलं की सावली नाही.

मला हात वर केलेले उंच निवडुंग बघायचे होते. तसं काहीच नव्हतं. गुडघ्याएवढी राखाडी खारट झुडपं, मध्ये वाळू, आणि ते थेट डोंगराच्या निळ्या रेषेपर्यंत. "पोस्टकार्डवाले निवडुंग तिकडे, टुरिस्टांसाठी. माझा पक्षी पोस्टकार्डात राहत नाही." मग तू त्याचं वर्णन केलंस. थ्रॅशरची एक फिकट जात. रंग वाळूचा, चोच बाकदार, उडण्यापेक्षा पळतो जास्त. अंगाबांध्यानं आपल्या सातभाईसारखा, पण थव्यात राहत नाही. "सात भावांपैकी सहा घरी राहिले. हा एकटा अमेरिकेत आला."

कामाची पद्धत तू एकदाच सांगितलीस आणि मला पाठ झाली. मार्ग आखलेला, त्यावर ठरावीक अंतरानं थांबे. प्रत्येक थांब्यावर आधी गप्प उभं राहायचं आणि ऐकायचं. मग टेपरेकॉर्डरवर त्या पक्ष्याची हाक वाजवायची. मग पुन्हा ऐकायचं. ठरलेल्या वेळात आला तर नोंद. नाही आला तर शून्य. शून्यही लिहायचंच, रिकामं सोडायचं नाही. सगळ्या थांब्यांवर तीच टेप, तेवढाच आवाज, तेवढाच वेळ, नाहीतर एका थांब्याची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही.

"बातमीत शून्य छापत नाहीत," मी म्हणाले. "काही घडलं नाही, तर बातमी नाही."

"म्हणून तुमच्या पेपरात पक्षी नसतात."

दोन वर्षं त्या मार्गावर शून्यच होतं. तुझ्या प्राध्यापकांनी सांगून ठेवलं होतं की या मोसमातही काही मिळालं नाही, तर मार्ग प्रकल्पातून वगळायचा. वगळला, तर त्या सपाट जमिनीवर तो पक्षी नाही असं धरलं जाणार होतं, आणि तुझ्या प्रबंधाचा निम्मा भाग त्या मार्गावर उभा होता. तो मोसमातला शेवटचा फेरा होता. हे तू मला तिसऱ्या थांब्यानंतर सांगितलंस, पाणी पिता पिता, जणू बसची वेळ सांगत होतीस.

बाकीचं वाळवंट मात्र भरपूर बोलत होतं. तू नावं सांगत होतीस आणि मी लिहून घेत होते. काळ्या गळ्याची चिमणी. लांब कानांचा ससा, कानांतून मागचं ऊन लाल दिसत होतं. शेपटी उभारून पळणारा रोडरनर. "आपल्या भारद्वाजाच्या कुळातला आहे हा. तोंडावरून वाटत नाही न?" वाळूत तिरक्या रेघांची एक ओळ होती, त्यावरून रात्री साप गेला होता. बिळातल्या सरड्याशी तू मराठीत बोललीस. "सरक न बाप्पा, पाय पडेल." मी हसले, तर म्हणालीस, "दिवस दिवस कोणाशी मराठी बोलायला नसते, ताई. यांना इंग्रजी येत नाही, मग काय करू?"

ऊन चढलं. तू नागपूरच्या स्कूटरवाल्या मुलींसारखा स्कार्फ तोंडाला गुंडाळलास, फक्त डोळे उघडे. सहा थांबे झाले. सहा शून्यं.

सातव्या थांब्यावर टेपरेकॉर्डरचा आवाज बसायला लागला. तू कॅसेट काढून माझ्या हातात दिलीस, सेल बदललेस, कॅसेट घेऊन परत आत घातलीस. गप्प उभं राहण्याचा वेळ झाला. तू बटण दाबलंस.

पक्षी बोलला नाही. तुझे बाबा बोलले.

कॅसेट उलट लागली होती. बाबा फोनऐवजी कॅसेट भरून पाठवतात, आणि तिच्या कोऱ्या बाजूवर तू पक्ष्याची हाक उतरवून घेतली होतीस, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच झालं की लाउडस्पीकर लावलेल्या टेपरेकॉर्डरमधून एका म्हाताऱ्या माणसाचा भारी, भजनी मंडळात कमावलेला आवाज त्या सगळ्या सपाटीवर गेला.

"...कूलरचा पंप बंद पडला. मिस्त्री येतो म्हणते, येत नाही. मीच बादलीनं पाणी टाकून राहिलो सकाळ-संध्याकाळ..."

तुझा हात बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. समोरच्या झुडपाखालून तो पळत आला. शेपटी वर, मान पुढे. वाळूच्या छोट्या उंचवट्यावर चढला आणि उभा राहिला. रंग वाळूचा, चोच बाकदार आणि काळपट. तू सांगितलं होतंस तसाच. तू हात खाली घेऊ शकत नव्हतीस, कारण हललीस तर तो गेला असता. म्हणून बाबा बोलत राहिले आणि आपण तिघं ऐकत राहिलो.

"...तुझी आई म्हणते, तेल लावत नसशील केसाले. आन् बेटा, रानात एकटी जात नको जाऊ. कोणाले तरी सोबत घेत जा. आम्हाले इथं..."

मागून तुझ्या आईचा आवाज आला, "आता बंद करा न, भाजी जळते." पक्षी वळला, पळाला आणि झुडपांत दिसेनासा झाला. तू बटण दाबलंस.

तू रडली नाहीस. खाली बसलीस, स्कार्फ सोडून तोंड पुसलंस, कॅसेट काढून बाजू बदललीस. मग उठून सगळं पहिल्यापासून केलंस. गप्प उभं राहणं, पक्ष्याची हाक, पुन्हा गप्प उभं राहणं. काही आलं नाही. तू शून्य लिहिलंस.

मी म्हणाले, "विशाखा, तो आला होता."

"हो."

"दोघींनी बघितला."

"हो न."

"मग?"

"पक्षी आहे, ताई. नोंद नाही. माझे बाबा कूलरचं सांगत असताना तो आला. बाकीच्या थांब्यांवर मी कूलरचं वाजवलं नाही."

इथून आपलं भांडण सुरू झालं. उरलेले थांबे होईपर्यंत चाललं, गाडीत चाललं, नंतर वर्षभर फोनवर चाललं. मी कोर्टाचा दाखला दिला. साक्षीदार खिडकीशी योगायोगानं उभा असला, म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही. तू म्हणालीस, साक्षीदारानं काय बघितलं हा प्रश्नच नाही, मोजणाऱ्यानं कसं मोजलं हा आहे. मी म्हणाले, तळटीप लिही. बाजूला शेरा लिही. प्राध्यापकांना तोंडी सांग. तू प्रत्येकाला नाही म्हणालीस. गाडी महामार्गाला लागल्यावर मी म्हणाले की हा हट्ट आहे, आणि पक्ष्याचा तोटा करणारा हट्ट आहे.

तू म्हणालीस, "कॉलेजात असताना लायब्ररीत पुस्तक घ्यायला उभी राहिली तरी मागून कोणी तरी म्हणे, यांना काय बाप्पा, सूट आहे. मार्कात सूट, फीत सूट. इथं आली तेव्हा ठरवलं, इथं तरी कोणाची सूट नाही घेणार. एका पक्ष्याचीही नाही."

तू बरोबर होतीस असं मी म्हणत नाही. तुझी सूट मागण्याची गोष्टच नव्हती, तू बघितलेलं सांगणार होतीस, हे मी तुला तेव्हाच म्हणायला हवं होतं असं वाटतं आणि त्याच वेळी वाटतं की तू त्यावर हसली असतीस.

क्युपर्टिनोला परत आल्यावर मी त्रैमासिकासाठी लेख लिहिला. सुरुवात बाबांच्या आवाजापासून केली. लेख तुला फॅक्स केला. रविवारी तुझा फोन आला.

"चांगला आहे. छापू नको."

"का? तुझ्या डिपार्टमेंटमध्ये मराठी कोण वाचणार?"

"मी वाचीन."

"मग बाबांना तरी सांग. त्यांच्या आवाजानं पक्षी आला."

"बाबांना तर मुळीच नको!" तू खूप हसलीस. "विहारात माइकवर सांगतील. रेल्वेच्या रिटायर्ड लोकांना धरून धरून सांगतील, अमेरिकेतल्या पक्ष्यानं माझं गाणं ऐकलं. गाणंही म्हणतील. अन् नोंद कुठं आहे विचारलं, तर मी काय दाखवू? थांब, एकदा नियमानं मिळू दे. मग मीच सांगते."

लेख मी छापला नाही. उन्हाळ्यात मार्ग वगळला गेला. प्राध्यापक चांगले वागले. तू शून्यं लिहिली होतीस आणि त्यांनी शून्यं वाचली. प्रबंधाचा विषय अर्धा बदलून दिला, मुदत वाढवून दिली. मार्ग वगळल्यामुळे त्या बाजूला विद्यापीठाची गाडी जाणार नव्हती आणि जोडीदारही मिळणार नव्हता. यंदा मोसम सुरू झाल्यावर तू रविवारी स्वतःच्या जुन्या गाडीनं तिथं जायला लागलीस. जमीन सरकारी, कोणीही जाऊ शकतं. विद्यापीठाचा नियम रविवारच्या खाजगी माणसाला लागू नव्हता. मी फोनवर विचारलं, "एकटी?" तू म्हणालीस, "तू ये न मग. तिकीट काढ." मी म्हणाले, बघते. तू म्हणालीस, "अजून एक मोसम, ताई. एकदा नियमानं आला की मार्ग परत घेतील. सरांनी सांगितलं आहे."

एप्रिलमध्ये जयंतीला मी फिनिक्सला आले. ती दुसरी भेट. रविवार नव्हता, तू मला वाळवंटात नेलं नाहीस. तुझ्या खोलीवर चहा झाला. टेबलावर टेपरेकॉर्डर होता. कॅसेटच्या एका बाजूला आता तू लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होतास, उलट लागू नये म्हणून. कुठली बाजू लाल, ते मी विचारलं नाही.

सिद्धार्थ अस्थी आणि सामान घेऊन जूनमध्ये नागपूरला गेला. दीक्षाभूमीजवळच्या विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला. तो परत बॉथेलला गेला आणि कामावर रुजू झाला. मी त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "ठीक आहे ताई, बिझी आहे." रविवार संध्याकाळी आमच्याकडे आता फोन वाजत नाही. वाजला, तर तो कुठल्या तरी लाँग डिस्टन्स कंपनीचा असतो.

गेल्या आठवड्यात एक फोन वाजला आणि तो तुझ्या बाबांचा होता. नंबर सिद्धार्थनं दिला होता. आवाज मी लगेच ओळखला, पण मी तो आधी कुठं ऐकला हे त्यांना माहीत नव्हतं.

"ताई, तुम्ही तिच्यासोबत तिथं गेल्या होत्या म्हणे. पक्ष्याच्या गावाले."

"हो. एकदा."

"माझीच कॅसेट परत आली सामानात. एका बाजूनं मी आहो. दुसऱ्या बाजूनं कोणी तरी शिट्टी मारते. आधी मले वाटलं टेप खराब झाली. मग सिद्धू म्हणाला, पक्षी आहे. हाच का तो? जो ती पाहून राहिली होती?"

"हाच."

"सापडला होता का तिले?"

तू म्हणाली होतीस, मीच सांगते. तरी मी जे घडलं, ते ज्या क्रमानं घडलं तसं सांगितलं. सेल बदलले, कॅसेट उलट लागली, तुमचा आवाज सुरू झाला, तो झुडपाखालून पळत आला, उंचवट्यावर उभा राहिला, तुम्ही बोलत होता तोवर बहुतेक थांबला आणि मग गेला. हेही सांगितलं की तू त्याची नोंद केली नाहीस आणि का केली नाहीस.

लाइन खरखरत होती. तिकडे सकाळ असावी, भांड्यांचा आवाज येत होता.

"शून्य लिहिलं?" ते शेवटी म्हणाले.

"हो."

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. मग विचारलं, "मी तेव्हा काय बोलून राहिलो होतो, ताई?"

"कूलरचं," मी म्हणाले. "पंप बंद पडला आणि तुम्ही बादलीनं पाणी टाकता, ते."

"हो," तुझे बाबा म्हणाले. "तो पंप अजून बंदच आहे."